हुकूमशहा गेला, कायदा आला काय?

अनियंत्रित सत्ता भोगणारा पुरुष मरण पावला म्हणजे त्याच्या प्रजेपुढें दोन प्रश्न उभे राहतात. आतां गादीवर कोण बसणार, हा पहिला. आणि आतां आपलें कसें होणार, हा दुसरा. जगांत चर्चा होते ती बहुधा पहिल्याचीच. वर्तमानपत्रें नव्या धन्याचा स्वभाव व आवडीनिवडी छापतात, मुत्सद्दी त्याच्या चेहऱ्यावरून भविष्य वर्तवितात, आणि जो दुसरा प्रश्न वस्तुतः कोट्यवधि माणसांच्या जिवाचा असतो तो मागें पडतो. आमच्या मतें सुधारणेची परीक्षा या दुसऱ्या प्रश्नानेंच झाली पाहिजे. नवा धनी सौम्य आहे कीं कठोर, एवढें पाहून भागत नाहीं. धन्याचा हात धरणारा कायदा निर्माण झाला कीं नाहीं, हें पाहिलें पाहिजे. ही कसोटी लावण्यास स्टॅलिनच्या मृत्यूनंतरच्या रशियाइतकें बोधप्रद उदाहरण अर्वाचीन इतिहासांत सांपडणें कठीण. म्हणून आज त्याचाच विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

स्टॅलिन १९५३ च्या मार्च महिन्याच्या ५ व्या तारखेस वारला. त्याचा अंत ज्या रीतीनें झाला, तिच्याहून त्याच्या राज्यपद्धतीवर अधिक कडक टीका कोणी करूं शकणार नाहीं. १ मार्च रोजीं मॉस्कोजवळच्या आपल्या बंगल्यांत तो दिवसभर खोलीबाहेर आला नाहीं. दाराशीं पहारेकरी होते. परंतु बोलाविल्यावांचून आंत पाऊल टाकण्याची एकाचीही छाती झाली नाहीं. रात्रीं एकदांचें कोणी आंत गेलें, तेव्हां हा अर्ध्या जगाला कांपविणारा पुरुष वाचा जाऊन जमिनीवर पडलेला आढळला. त्यानंतरही वैद्य येऊन पोहोंचले ते दुसऱ्या दिवशीं सकाळीं! आणि वैद्य तरी कोणते यावे? ज्या विनोग्रादोव्ह नांवाच्या नामांकित वैद्यानें त्याची प्रकृति वर्षानुवर्षें पाहिली होती तो, आणि त्याच्यासारखे आणखी कित्येक, पुढाऱ्यांचे प्राण घेण्याचा कट केल्याच्या खोट्या आरोपाखालीं त्या वेळीं तुरुंगांत होते. दुसऱ्यांसाठीं पेरलेलें भय असें शेवटीं पेरणाऱ्याच्याच अंथरुणापाशीं उगवलें.

त्याच्या पश्चात् सत्ता पांचसात जणांच्या मंडळाकडे आली. मालेन्कोव्ह मुख्य प्रधान झाला. पोलिसखातें बेरियानें घेतलें. मोलोटोव्ह परराष्ट्रखात्यावर व बुल्गानिन संरक्षणखात्यावर आला. आणि ज्याला त्या वेळीं फारसें कोणी मोजीत नव्हतें तो क्रुश्चेव्ह पक्षाच्या चिटणिसांत राहिला. हे सर्व स्टॅलिनच्याच हाताखालीं वाढलेले, त्याच्याच हुकुमांवर सह्या केलेले. तरीही पुढच्या कांहीं महिन्यांत त्यांनीं जें केलें तें थोडें नव्हे, आणि त्याचें श्रेय देण्यांत आम्ही कृपणता करणार नाहीं. २७ मार्च रोजीं माफीचा हुकूम निघाला व सुमारें १२ लक्ष कैदी सुटले. म्हणजे सक्तमजुरीच्या छावण्यांतील जवळजवळ अर्धी माणसें. ४ एप्रिल रोजीं सरकारनेंच जाहीर केलें कीं, तुरुंगांतील ते वैद्य निर्दोष असून त्यांचे कबुलीजबाब कायद्यास न मानवणाऱ्या उपायांनीं मिळविलेले होते. न्यायालयाचें तोंडही न दाखवितां माणसास छावणींत धाडणारें जें 'विशेष मंडळ' पोलिसखात्यांत होतें, तें सप्टेंबरांत बंद झालें. शेतकऱ्यांवरील कर कमी केला, मागील थकबाकी सोडली, आणि सरकार सक्तीनें जो माल घेई त्याचे भाव वाढविले. ही वाढ किती? मांसाच्या जनावरांस पांच पटींहून अधिक आणि दुधास दुप्पट! आमचे व्यापारी वाचक या आंकड्याचा अर्थ आमच्यापेक्षां लवकर समजतील. जो खरेदीदार एका सालांत पांच पट भाव देऊं शकतो, त्यानें आदल्या सालीं जें केलें त्यास खरेदी म्हणावयाचें कीं लूट, हें सांगण्यास अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाहीं.

तेव्हां सुधारणा झाली, हें निर्विवाद आहे. प्रश्न असा कीं, ही सुधारणा प्रजेच्या हक्काची होती कीं धन्याच्या मर्जीची? वरच्या माफीच्या हुकुमाकडेच पहा. ज्यांची शिक्षा पांच वर्षांपर्यंतची होती ते सुटले. चोर सुटले, उचले सुटले. परंतु राजद्रोहाच्या कलमाखालीं दहा दहा, पंचवीस पंचवीस वर्षांसाठीं गेलेले अध्यापक, अभियंते व शेतकरी, ज्यांनीं बहुधा कांहींच केलेलें नव्हतें, ते तसेच राहिले. माफी अपराध्यास मिळाली, निरपराध्यास नाहीं. आणि तें साहजिकच होतें. अपराध्यास क्षमा करतां येते. निरपराध्यास क्षमा कशाची करणार? त्याला न्यायच द्यावा लागतो, आणि न्याय द्यावयाचा म्हणजे अन्याय कोणीं केला हें विचारावें लागतें. नोरील्स्क व व्होर्कुटा येथील कैद्यांनीं त्याच उन्हाळ्यांत काम बंद करून हाच प्रश्न विचारला, तेव्हां त्यांच्यावर गोळ्या झाडण्यांत आल्या. पुढच्या वर्षीं केंगिर येथील छावणी कैद्यांनीं चाळीस दिवस आपल्या ताब्यांत ठेविली, तेव्हां ती मोडण्यास रणगाडे आणावे लागले.

बेरियाच्या खटल्यांत तर नव्या राजवटीची नीति आरशांत दिसावी तशी दिसते. २६ जून १९५३ रोजीं सहकाऱ्यांनीं भर बैठकींत त्यास पकडलें. तो निर्दोष होता असें आम्ही स्वप्नांतही म्हणणार नाहीं. हजारों निरपराध माणसांचें रक्त त्याच्या हातांस लागलें होतें. परंतु त्याचा न्याय कसा झाला? १ डिसेंबर १९३४ चा एक कायदा होता. त्याप्रमाणें तपास दहा दिवसांत उरकावयाचा, आरोपपत्र सुनावणीपूर्वीं एकच दिवस द्यावयाचें, आरोपीस वकील नाहीं, निकालावर अपील नाहीं, दयेचा अर्ज नाहीं, आणि शिक्षा तत्काळ अमलांत आणावयाची. स्टॅलिनच्या काळीं याच कायद्यानें असंख्य माणसें मारलीं गेलीं. बेरियाचा खटला याच कायद्यानें बंद दरवाजाआड चालला; तो परकीयांचा हेर असल्याचा तोच जुना ठराविक आरोपही त्यावर ठेवण्यांत आला; आणि २३ डिसेंबर रोजीं, निकालाच्याच दिवशीं, त्यास गोळी घालण्यांत आली. खाटकाला खाटकाच्याच सुऱ्यानें मारलें, यांत काव्यगत न्याय असेल. कायदेशीर न्याय नाहीं. दुष्टाला वकील देणें हें दुष्टावर उपकार करणें नव्हे. उद्यां जो सज्जन त्याच पिंजऱ्यांत उभा राहणार असतो, त्याच्यासाठीं ती जागा राखून ठेवणें होय. हा कायदा रद्द व्हावयास १९५६ साल उजाडावें लागलें.

त्याच १९५६ सालीं, २५ फेब्रुवारी रोजीं, पक्षाच्या विसाव्या अधिवेशनांत क्रुश्चेव्हनें तें प्रसिद्ध भाषण केलें. सतराव्या अधिवेशनानें निवडलेल्या मध्यवर्ती समितीच्या १३९ सभासदांपैकीं व उमेदवारांपैकीं ९८ जणांस पकडून ठार मारलें. त्या अधिवेशनाच्या १९६६ प्रतिनिधींपैकीं ११०८ जणांस अटक झाली. कबुलीजबाब छळ करून घेतले. हें सर्व त्यानें आंकड्यांनिशीं सांगितलें. जगाच्या इतिहासांत एवढ्या मोठ्या राज्याच्या प्रमुखानें आपल्याच पूर्वाधिकाऱ्याचे गुन्हे असे वाचून दाखविल्याचीं उदाहरणें विरळा. त्या धैर्याचें आम्ही कौतुक करतों. त्यामागोमाग छावण्यांत चौकशीमंडळें गेलीं आणि राजकीय कैदी खरोखर घरीं परतूं लागले, हेंही नमूद केलें पाहिजे.

पण हें भाषण झालें कोठें? बंद सभागृहांत! तें पक्षाच्या बैठकींतून वाचून दाखविलें गेलें. अमेरिकेंतील पत्रांनीं तें त्याच वर्षीं जूनमध्यें छापलें. परंतु ज्या लोकांचे बाप, भाऊ व मुलगे त्यांत वर्णिलेल्या रीतीनें मारले गेले, त्यांच्या देशांत तें १९८९ पर्यंत छापून निघालें नाहीं. सत्य सांगावयाचें, पण तें प्रजेच्या हातीं कागदावर द्यावयाचें नाहीं. ताकाला जावयाचें, पण भांडें लपवावयाचें. शिवाय त्या भाषणांतील सर्व दोष एका मेलेल्या माणसाच्या माथीं मारण्यांत आला होता. १९३७ सालीं मॉस्कोचा पक्षकारभार कोणाकडे होता आणि १९३८ पासून युक्रेनचा कोणाकडे, हा प्रश्न विचारण्याची त्या सभागृहांत कोणास मुभा नव्हती; कारण त्याचें उत्तर व्यासपीठावरच उभें होतें. व्यक्तिपूजेचा दोष पूजिलेल्या मूर्तीकडे काढून पुजाऱ्यांनीं अंग झाडून घ्यावें, तसा हा प्रकार झाला.

या प्रकरणीं आमच्याशीं संबंध नाहीं, असें कोणी समजूं नये. सरोजिनी नायडू यांचे बंधु वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, ज्यांनीं हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठीं युरोपांत आयुष्य झिजविलें, त्यांना इंग्रजांचे हेर पकडूं शकले नाहींत. ज्या देशास त्यांनीं आश्रयस्थान मानलें त्याच देशांत २ सप्टेंबर १९३७ रोजीं त्यांना गोळी घालण्यांत आली. अवनी मुखर्जी यांचीही त्याच वर्षीं तीच गति झाली. उलट आमच्या इकडे, महायुद्धांत स्टॅलिनग्राडच्या लढवय्यांनीं जो अलौकिक पराक्रम केला त्याचा पवाडा अण्णा भाऊ साठे यांनीं रचिला आणि मुंबईच्या कामकरी वस्तींतून तो घुमला. तो पराक्रम खरा होता व तें गाणेंही मनापासूनचें होतें. १९६१ सालीं अण्णा भाऊ स्वतः रशियास जाऊन आले. आणि त्याच सालीं त्या शहराचें नांव सरकारी हुकुमानें बदलून व्होल्गोग्राड झालें. शहराला स्टॅलिनचें नांव देतांना नागरिकांस जसें कोणीं विचारलें नव्हतें, तसें काढतांनाही विचारलें नाहीं. नांव गेलें, नांव ठेवण्याची व पुसण्याची रीत तीच राहिली. सुंभ जळाला, पीळ कायम!

राष्ट्रांच्या बाबतींत हा पीळ अधिकच स्पष्ट दिसला. युद्धकाळांत जे समाजचे समाज देशोधडीस लावले होते, त्यांपैकीं चेचेन, इंगुश, काल्मुक, कराचाय व बल्कार यांना १९५७ सालीं आपापल्या मुलखांत परत येऊं दिलें. परंतु क्रिमियांतील तातार व व्होल्गाकांठचे जर्मन यांना ती वाट मोकळी झाली नाहीं. कां? दोघांवर झालेला अन्याय एकच असतां एकास घर मिळावें व दुसऱ्यास मिळूं नये, याचें कारण कायद्यांत नव्हतें, सोयींत होतें. आणि हंगेरींत तर १९५६ च्या नोव्हेंबरच्या ४ थ्या तारखेस रशियन रणगाड्यांनीं बुडापेस्टचा निकाल लावला. सुमारें अडीच हजार हंगेरियन मेले, दोन लक्ष देश सोडून पळाले. प्रधान इम्रे नाज यानें युगोस्लाव्ह वकिलातींत आश्रय घेतला होता. सुरक्षिततेचें लेखी अभिवचन मिळाल्यावर तो बाहेर पडला, आणि बाहेर पडतांच पकडला गेला. १६ जून १९५८ रोजीं त्यास फाशी दिलें. स्टॅलिनचे गुन्हे वाचून दाखविल्यास त्या वेळीं पुरतीं अडीच वर्षेंही झालीं नव्हतीं. येथें आणखी एक गोष्ट दुःखानें लिहावी लागते. रशियन फौजा मागें घेऊन हंगेरींत संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखालीं निवडणुका घ्याव्या, असा ठराव ९ नोव्हेंबर १९५६ रोजीं संयुक्त राष्ट्रसंघापुढें आला, तेव्हां हिंदुस्थानच्या प्रतिनिधीनें त्याविरुद्ध मत दिलें. परकीय फौजेखालीं राहणें म्हणजे काय हें ज्या राष्ट्रानें भोगलें, त्यानें तरी असें मत द्यावयास नको होतें.

आतां आमच्या बाजारपेठेंतील वाचकांस जवळची वाटेल अशी एक हकीकत सांगतों. १९५८ च्या डिसेंबरांत रशियानें फौजदारी कायद्याचीं नवीं मूलतत्त्वें ठरविलीं. न्यायालयाच्या निकालावांचून शिक्षा नाहीं. कायद्यांत ज्या कृत्याचा उल्लेख नाहीं त्यास दुसऱ्या एखाद्या गुन्ह्यासारखें मानून शिक्षा देण्याची जुनी रीत बंद. अशीं तीं तत्त्वें होतीं व तीं चांगलीं होतीं. यानंतर तीनच वर्षांनीं यान रोकोतोव्ह नांवाच्या मनुष्यावर मॉस्कोंत परकीय चलनाच्या चोरट्या देवघेवीचा खटला झाला. प्रथम त्यास आठ वर्षांची शिक्षा झाली. क्रुश्चेव्हला ती कमी वाटली. कायदा बदलला, पुन्हा खटला, पंधरा वर्षें. तींही कमी वाटलीं. जुलै १९६१ मध्यें पुन्हा कायदा बदलून अशा गुन्ह्यास मृत्युदंड ठरविला, तो मागील कृत्यास लागू केला, पुन्हा खटला, आणि गोळी! त्याचा साथीदार फायबिशेन्को यासही तीच शिक्षा झाली. रोकोतोव्हचा धंदा सचोटीचा होता असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ज्या दिवशीं एखादें कृत्य केलें त्या दिवशीं त्यास जी शिक्षा होती, तिच्याहून अधिक शिक्षा मागाहून देतां येत नाहीं, हें तर फौजदारी न्यायाचें मूळाक्षर. वजन करून माल दिल्यावर गिऱ्हाइकानें तागडीच बदलावी व म्हणावें कीं तुझा माल कमी भरला, तर आमचे दुकानदार त्यास काय म्हणतील? जेथें तागडी धन्याच्या हातांत आहे, तेथें तागडीवर कितीही सुंदर अक्षरें कोरलीं तरी वजन धन्याच्या मनाप्रमाणेंच होणार.

पुढच्याच वर्षीं, १९६२ च्या जूनच्या आरंभीं, मांसलोण्याचे भाव वाढविल्यामुळें नोव्होचेर्कास्क येथील कामगार रस्त्यावर आले. कामगारांचें म्हणविणाऱ्या सरकारनें त्यांच्यावर गोळीबार केला. २६ माणसें मेलीं, पुढें ७ जणांस देहदंड झाला, आणि देशांतल्या एकाही पत्रांत ओळ आली नाहीं. त्याच सालच्या नोव्हेंबरांत सोल्झेनित्सीन यांची छावणीजीवनावरील कथा प्रसिद्ध झाली, ही रशियन वाङ्मयांतील मोठी घटना खरी. परंतु ती छापण्यास राज्यप्रमुखाची खास परवानगी लागली, आणि ती परवानगी देणारा जातांच त्या लेखकाच्या मागें तेंच सरकार लागलें. मर्जीनें मिळालेलें स्वातंत्र्य मर्जीबरोबरच जातें.

येथें कोणी प्रामाणिक आक्षेपक म्हणेल कीं, संपादकमहाराज, तुम्ही फारच कठोर तोलतां. १९५७ सालीं मोलोटोव्ह, मालेन्कोव्ह व कागानोविच हे क्रुश्चेव्हविरुद्ध उठले आणि हरले. तरी त्यांना कोणीं मारलें नाहीं. मोलोटोव्ह मंगोलियाचा वकील झाला, मालेन्कोव्ह कझाकस्तानांतील वीजगृहावर गेला. आणि १९६४ च्या ऑक्टोबरांत खुद्द क्रुश्चेव्हला काढलें, तेव्हां त्यास पेन्शन मिळालें व १९७१ सालीं तो आपल्या बिछान्यांत मेला. ही सुधारणा नव्हे काय? आम्ही निःसंकोच उत्तर देतों कीं, होय. ही त्या अकरा वर्षांची सर्वांत मोठी कमाई होय. हरलेल्यास जगूं देणें हा सभ्य राजकारणाचा पहिला धडा आहे, आणि तो गिरविण्याचें श्रेय क्रुश्चेव्हचें आहे. परंतु हा तह झाला तो वरच्या शेंदोनशें माणसांनीं आपसांत. आपल्या माना सुरक्षित असाव्या, म्हणून त्यांनीं तो पाळला. खालच्या सामूहिक शेतावरील शेतकऱ्यास गांव सोडण्यापुरता ओळखपत्राचा हक्क मिळावयास १९७४ साल यावें लागलें. आणि १९६६ सालीं सिन्याव्हस्की व डॅनियल हे लेखक केवळ लिहिल्याबद्दल सक्तमजुरीस गेले.

हा दोष एकट्या रशियाचा नव्हे. चीनमध्यें माओ ९ सप्टेंबर १९७६ रोजीं वारला; महिना उलटण्यापूर्वींच त्याची पत्नी व तिचे तीन साथीदार कैदेंत पडले, आणि पुढें डेंग यांनीं शेतकऱ्यास व व्यापाऱ्यास मोकळीक देऊन देशाचा कायापालट केला. आजन्म सत्तेचे दुष्परिणाम पाहून १९८२ च्या राज्यघटनेंत अध्यक्षास लागोपाठ दोनच मुदतींची मर्यादा घातली गेली. ११ मार्च २०१८ रोजीं तीच मर्यादा काढून टाकली. २९५८ मतें बाजूनें, २ विरुद्ध! ज्या कायद्याच्या रक्षणास जवळजवळ तीन हजारांच्या सभेंत दोनच माणसें उभीं राहतात, तो कायदा कसला? ती धन्यानें स्वतःस घातलेली व मनास येईल तेव्हां सोडावयाची एकादशी होय.

तात्पर्य, हुकूमशहाच्या मृत्यूनंतर येणाऱ्या सुधारणेस तीन प्रश्न विचारावे. सुटलेला कैदी हक्कानें सुटला कीं कृपेनें? नव्या धन्याचे दोष तो जिवंत असतां छापतां येतात काय? आणि त्याचा उत्तराधिकारी कोण, हें ठरविण्यास प्रजेस मत आहे काय? तिन्हींचें उत्तर नकारार्थी असेल, तर धनी बदलला, धनीपण बदललें नाहीं, असें खुशाल समजावें.

नारायणरावांच्या खुनानंतर देहान्त प्रायश्चित्तावांचून गत्यंतर नाहीं, हें राघोबादादांस तोंडावर सांगणारे रामशास्त्री आमच्या इतिहासांत होऊन गेले, याचा आम्हांस रास्त अभिमान आहे. परंतु वाचकांनीं कथेचा उत्तरार्ध विसरूं नये. शास्त्रीबोवांनीं निकाल दिला, आणि पुणें सोडून जावें लागलें तें शास्त्रीबोवांस, दादांस नव्हे. न्यायाधीश निर्भय होता, पण न्यायासनास हात नव्हते. स्टॅलिननंतरच्या रशियास तर रामशास्त्रीही लाभला नाहीं. एकट्या माणसाचें धैर्य पुरत नाहीं. त्यामागें उघडें न्यायालय, मोकळें वर्तमानपत्र व मत देणारी प्रजा लागते. आमचे व्यापारी भागीदाराचा स्वभाव गोड आहे एवढ्यावर भांडवल देत नाहींत. खत लिहून घेतात, साक्षी घालतात, आणि वह्या दोघांनींही पाहण्याचा करार करतात. दुकानाच्या बाबतींत जें शहाणपण आपण रोज दाखवितों, तें राज्याच्या बाबतींत दाखविण्यास आपण कां विसरावें?